दंगलीनंतर गावचं राजकारण पुन्हा मार्गी लावताना: मराठवाड्यातल्या गावांसाठी सविस्तर मार्गदर्शक

दगडफेक होते, दोन-चार टपऱ्या जळतात, जमावबंदी लागते. पोलीस गाडी पारापाशी पंधरा दिवस उभी राहते आणि मग निघून जाते. पुढचं काम कुणाचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग तालुक्याचे पुढारी येतात, दोन्हीकडच्या चार-चार जणांना गळाभेट घ्यायला लावतात, फोटो निघतो. महिन्याभराने पोळा किंवा एखादी जयंती येते आणि गाव होतं तिथेच उभं असतं.

मराठवाड्याला हे नवं नाही. १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन, १९७८ ची नामांतराची दंगल आणि २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत आलेला ताण, या तिन्हींचा बाज वेगळा. पण प्रत्येक वेळी लोकांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची सवयच मोडली. हीच सवय बोस्निया, उत्तर आयर्लंड, नेपाळ या देशांनी युद्ध किंवा दीर्घ हिंसाचारानंतर नव्याने लावायचा प्रयत्न केला. कुठे जमलं, कुठे फसलं. गाव म्हणजे देश नव्हे, हे खरंच. तरी त्या अनुभवातली एक गोष्ट गावाला जशीच्या तशी लागू पडते: समेटाची सभा आणि निवडणूक या शेवटच्या पायऱ्या आहेत. त्याआधी माणसांची ये-जा सुरू व्हावी लागते, नुकसान कागदावर यावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूच्या होकाराशिवाय आपलं काम अडेल अशी घडी बसवावी लागते.

पहिले पंधरा दिवस: रस्ते

पहिले दोन-तीन दिवस पोलिसांचे असतात, त्यात लुडबूड करू नये. त्यानंतर पहिली यादी करायची ती बंद पडलेल्या वाटांची. कोणत्या गल्लीतून कोण जाणं बंद झालं? शाळेच्या मुली कुठून वळसा घालतात? दळण, रेशन, दूध डेअरी, दवाखाना, स्मशानभूमी, विहीर यांपैकी कशाकडे जाताना कुणाला दुसऱ्याच्या वस्तीतून जावं लागतं? वहीच्या एका पानावर गावाचा कच्चा नकाशा काढून या वाटा लाल पेनाने दाखवा. साधारण हजार-बाराशे वस्तीच्या गावात अशा पाच-सहा वाटा निघतील.

बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतरही लोक दुसऱ्या वांशिक भागात गाडी न्यायला धजत नव्हते, कारण नंबरप्लेटवरून माणूस कुठला ते कळायचं. १९९८ मध्ये देशभर एकच नंबरप्लेट आली. तिच्यावर फक्त लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी अक्षरं घेतली, त्यामुळे गाडी कोणत्या भागातली ते ओळखता येईना. प्रवास लगेच वाढला. आपल्याकडे दुचाकीवरचे स्टिकर आणि झेंडे तेच काम करतात. ते काढायला लावायची जबरदस्ती करू नका, त्यातून नवा वाद उभा राहतो. त्याऐवजी दोन्ही वस्त्यांतले दोन-दोन मोठे माणूस रोज शाळेच्या आणि दळणाच्या वेळी त्या वाटेवर नुसते उभे राहिले तरी आठवड्यात फरक पडतो. उभे राहणारे वयाने मोठे हवेत. तरणी पोरं उभी केली की तो पहारा वाटतो.

उन्हाळा असेल तर टँकर हीच पहिली कसोटी. टंचाईत माणशी २० लिटर धरले तर १२०० वस्तीला दिवसाला २४ हजार लिटर, म्हणजे १२ हजार लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. खेप कुठे आधी रिकामी होते, यावरूनच शिव्या सुरू होतात. एक खेप वरच्या आळीत आधी, दुसरी खालच्या वस्तीत आधी, दुसऱ्या दिवशी उलट, असा क्रम फळ्यावर लिहून ग्रामपंचायतीबाहेर टांगा. खेपांच्या नोंदवहीवर दोन्हीकडच्या एकेका बाईची सही घ्या. बायकांची, कारण पाण्याला त्या उभ्या असतात आणि खोटी खेप त्यांनाच आधी कळते.

नुकसानीची यादी एकच

तलाठ्याचा पंचनामा होतो, पण त्यात घर आणि दुकान येतं. बटईची जमीन काढून घेतली, टपरीची जागा खाली करायला लावली, मजुरीला बोलावणं बंद केलं, किराणा उधार देणं थांबवलं, हे पंचनाम्यात बसत नाही. खरा सल तिथेच असतो. म्हणून पंचनाम्याच्या जोडीला गावाची स्वतःची यादी करा. रकाने इतकेच: अनुक्रमांक, कुटुंब, काय गेलं, कधी, पाहणारे कोण, फोटो आहे का, भरपाई कुठून अपेक्षित, निकाल. जातीचा रकाना ठेवू नका. क्रम नोंद केल्याच्या तारखेचा.

क्रमाचा हा मुद्दा किरकोळ वाटतो, तसा तो नाही. बोस्नियात दुसऱ्यांनी बळकावलेली घरं परत देताना आधी ‘त्यांनी आमची सोडली की आम्ही त्यांची सोडू’ असाच हिशेब चालला आणि काहीच हललं नाही. मग नियम झाला की अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाल, समोरच्याने काय केलं ते बघायचं नाही. त्यानंतर दोन लाखांहून अधिक दाव्यांपैकी बहुतेक निकाली निघाले. त्या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत यशस्वी ठरलेलं काम कदाचित हेच. गावात कुणी ‘आधी त्यांची टपरी हलू द्या, मग आमच्या बटईचं बघू’ म्हणालं, तर यादीतला नंबर दाखवायचा.

यादी केली नाही तर काय होतं, याचं उदाहरण घरचंच आहे. रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी मराठवाड्यात आजही घराघरांत सांगितल्या जातात. पोलीस अ‍ॅक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडच्या मुस्लिम वस्त्यांत काय घडलं, ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल मात्र अनेक दशकं बंदच राहिला. एका बाजूचं दुःख सांगायला जागा मिळाली, दुसऱ्या बाजूचं कुजबुजीत राहिलं. कुजबुजीतल्या आकड्याला वरची मर्यादा नसते.

केस आणि बैठक वेगळी ठेवा

‘केस मागं घ्या, मग बसू.’ ही अट हमखास येते, आणि इथेच बहुतेक समेट कुजतात. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा गावकीत बसून मिटवता येत नाही. फिर्यादीवर दबाव आणला तर नवा गुन्हा घडतो. तपास साठ दिवसांत पुरा करून दोषारोपपत्र दाखल होणं कायद्याला अपेक्षित आहे आणि पीडित कुटुंबाची सरकारी मदत टप्प्याटप्प्याने मिळते. त्यामुळे बैठकीच्या पहिल्याच कागदावर लिहून टाका: कोर्टातली प्रकरणं कोर्टात चालतील, या बैठकीत त्यावर चर्चा नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंना सोयीचं आहे. फिर्यादीला दबाव नको असतो, आणि आरोपीच्या घरच्यांनाही ‘बैठकीला गेलो म्हणजे गुन्हा कबूल केला’ असा अर्थ नको असतो.

दोन कायदे माहीत असू द्या. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा २०१५ च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट गुन्हा झाला. आणि ‘तिकडच्यांबरोबर बसला’ म्हणून आपल्याच समाजाने कुणाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मध्ये पडणाऱ्या माणसाला परक्यांपेक्षा आपल्यांचीच भीती जास्त असते, म्हणून हा दुसरा कायदा त्याच्या कानावर आधी घाला.

कोणाला बसवायचं

पोलीस ठाण्याच्या शांतता समितीची यादी उचलू नका. त्यात वर्षानुवर्षं तेच पांढरे कपडे असतात. नऊ ते अकरा माणसं पुरेत. पंधराच्या वर गेली की भाषणं सुरू होतात. निवडताना एकच निकष लावा: या माणसाला आपल्या लोकांना ‘नाही’ म्हणता येतं का? सगळ्यांना गोड वाटणारा सज्जन माणूस इथे उपयोगाचा नाही. त्याला दुसऱ्या बाजूचे मान देतात, पण घरचे ऐकत नाहीत.

यात दोन्हीकडच्या बचत गटांच्या मिळून निदान तीन बाया, एखादा ऊसतोडीचा मुकादम, सोसायटीचा किंवा डेअरीचा एक जण आणि तिशीच्या आतले दोघे हवेत. तरुण बाहेर ठेवले की ते मोबाइलवर स्वतःची बैठक भरवतात. गावात दोनच समाज भांडले असतील तरी तिसऱ्या, लहान समाजाची दोन माणसं घ्या. एकट्याला घेतलं तर तो दोन्हीकडून दाबला जातो.

अफवांसाठी वेगळी यंत्रणा उभी करायची गरज नाही. याच गटातल्या चौघांचे नंबर सगळ्यांना माहीत असावेत, आणि मेसेज आला की तो कुणाकडून आला, किती वाजता आला आणि खरं काय, एवढं वहीत टिपावं. तेच तेच दोन-तीन फोन नंबर वारंवार दिसू लागतात.

पहिली ग्रामसभा

इथे घाई अंगाशी येते. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, म्हणून २६ जानेवारी किंवा १ मेच्या सभेत ‘तेही उरकून घेऊ’ असं ठरतं. ते टाळा, विशेष ग्रामसभा घ्या. सात दिवस आधी नोटीस, दवंडी दोन्ही वस्त्यांत, आणि सभेआधी महिला सभा. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, निम्मी वस्ती कारखान्यावर असेल तर ही सभा लांबवा. बीड, धाराशिवकडच्या कितीतरी गावांत त्या महिन्यांतली सभा म्हणजे एकाच बाजूची सभा.

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नेमका याचाच फायदा घेतला जातो: पहिल्या सभेला लोक येऊ द्यायचे नाहीत, दुसरीत दहा जणांनी ठराव करायचा. तणावानंतरच्या गावाने आपापसात ठरवून घ्यावं की तहकूब सभेतही दोन्ही वस्त्यांतून निदान वीस-वीस माणसं असल्याशिवाय वादाचा विषय घेणार नाही. कायद्याची सक्ती नसली तरी हा संकेत पाळता येतो.

जागा देवळाच्या सभामंडपात नको, समाजमंदिरातही नको. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण बरं. स्टेज नको, खुर्च्या असतील तर सगळ्यांना, नाहीतर सगळ्यांना सतरंजी. वयस्कर माणसांना खुर्ची द्यायची तर दोन्हीकडच्यांना.

विषय पाचच्या वर नको आणि पहिल्या सभेत पुतळा, कमान, झेंड्याचा विषय अजिबात नको. पाणी, रस्ता, शाळेची भिंत, रेशनची वेळ असे विषय घ्या. खरी युक्ती ठराव लिहिण्यात आहे. सूचक एका वस्तीचा असला तर अनुमोदक दुसरीचा. उदाहरणार्थ: ‘ठराव क्र. ३. खालची वस्ती ते स्मशानभूमी रस्त्यावर मुरूम टाकावा. सूचक: वरच्या आळीतील सदस्य. अनुमोदक: खालच्या वस्तीतील सदस्य. सर्वानुमते मंजूर.’ कोरम भरला तरी दोन्हीकडची नावं मिळत नसतील तर तो ठराव पुढच्या सभेवर. उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या करारात महत्त्वाच्या निर्णयांना ब्रिटनसोबत राहू पाहणारे आणि आयर्लंडशी जोडलं जाऊ पाहणारे अशा दोन्ही गटांतल्या आमदारांचा ठराविक पाठिंबा लागतो. गावात तेच काम सूचक-अनुमोदकाची जोडी करते आणि त्याला कसलीही कायदादुरुस्ती लागत नाही.

इतिवृत्त सभा संपायच्या आत वाचून दाखवा. ‘नंतर लिहू’ म्हटलं की नंतर दोन वेगळी इतिवृत्तं फिरतात.

मिरवणुका

उत्तर आयर्लंडमध्ये मिरवणूक काढणाऱ्याला २८ दिवस आधी मार्ग आणि वेळ कळवावी लागते आणि वादग्रस्त मार्गावर स्वतंत्र आयोग निर्णय देतो. आपल्याकडे परवानगीचा अर्ज सण आठवड्यावर आला की लिहिला जातो, आणि मार्ग तर मिरवणूक निघाल्यावर ठरतो. चार आठवड्यांचा नियम गावाने स्वतःला लावून घ्यावा. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, ३१ मे, १ ऑगस्ट, पोळा, गणपती, ईद-ए-मिलाद, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर. ज्या वर्षी गणपती आणि ईद एकाच आठवड्यात येतात ते आधीच लक्षात यावं.

मार्गाच्या कागदावर मिरवणूक कोणत्या चौकात किती मिनिटं थांबणार, हे लिहा. भांडण चालत्या मिरवणुकीत क्वचित होतं; ते थांबलेल्या मिरवणुकीत होतं, मशिदीसमोर, विहारासमोर किंवा पारापाशी. ‘पुढे अडकलं होतं’ ही सबब ऐकायची नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा कायदा आहेच. स्वयंसेवक मिरवणूक काढणाऱ्या समाजाचेच, पण ते कडेने चालावेत, घरांकडे तोंड करून नव्हे तर मिरवणुकीकडे तोंड करून.

पोळ्याच्या मानाचा प्रश्न अवघड आहे. पहिला बैल कुणाचा, यावर जुन्या घराण्यांची सनद निघते. चिठ्ठ्या टाकणं बऱ्याचदा घरंदाज लोकांना कमीपणाचं वाटतं. मान तसाच ठेवून वेशीत बाकी सगळ्या बैलजोड्यांना एकत्र, क्रमाविना सोडणं हा मधला मार्ग निघू शकतो. मात्र तो त्या घराण्याच्या तोंडूनच यायला हवा, समितीच्या नव्हे.

खुर्च्यांची वाटणी आणि नकाराधिकार

पदं जातीच्या नावाने कायमची लिहू नका. बोस्नियाचं अध्यक्षमंडळ तीन जणांचं, तिथल्या तीन मोठ्या समाजांचा एकेक: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. यात न बसणाऱ्या ज्यू किंवा रोमा नागरिकाला उभंच राहता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये हे भेदभावाचं ठरवलं, तरी ते सुटायचं नाव नाही. एकदा पद जातीच्या नावाने झालं की ते सोडवताना सगळ्यांनाच धोका वाटतो.

समित्यांची अध्यक्षपदं वाटताना उत्तर आयर्लंडमध्ये मंत्रिपदांसाठी वापरतात ती भागाकाराची पद्धत बरी पडते. तिथे घासाघीस उरत नाही. समजा १५ सदस्यांत तीन पॅनल आहेत: ७, ५ आणि ३. प्रत्येक आकड्याला १, २, ३ ने भागा. पहिल्याचे ७, साडेतीन, सव्वादोनच्या आसपास. दुसऱ्याचे ५ आणि अडीच. तिसऱ्याचे ३ आणि दीड. मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावला की ७, ५, साडेतीन, ३. म्हणजे पाणी, आरोग्य, उत्सव, तंटामुक्ती अशा चार समित्यांत पहिली निवड मोठ्या पॅनलची, दुसरी मधल्याची, तिसरी पुन्हा मोठ्याची, चौथी लहानाची. कोणती समिती घ्यायची ते ज्याची पाळी त्याने सांगायचं. कायद्याने ज्या समितीची रचना ठरवून दिली आहे ती पाळूनच हे करा, आणि पद्धत निवडणुकीच्या निकालाआधी ठरावात घ्या. निकालानंतर मोठं पॅनल ऐकत नाही.

लहान बाजूला नकाराधिकार हवा असतो, आणि तो रास्त आहे. पण मोकळा सोडला तर सगळं ठप्प होतं. उत्तर आयर्लंडचं सरकार २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ बंदच होतं, कारण एक मोठा पक्ष बाहेर पडला की सरकार बनतच नाही. म्हणून नकाराच्या विषयांची बंद यादी करा: स्मशानभूमी, गायरानाचा वापर, पुतळा-कमानीची जागा, मिरवणुकीचा मार्ग. नकार दिला तर विषय ३० दिवस थांबतो, कायमचा पडत नाही. पाणी आणि रस्त्याला नकार नाही.

निवडणूक

बोस्नियात युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सप्टेंबर १९९६ मध्ये निवडणूक घेतली. जे पक्ष युद्धात लढले तेच निवडून आले, आता कायदेशीर शिक्क्यासह. याउलट हैदराबाद संस्थानात पोलीस अ‍ॅक्शन सप्टेंबर १९४८ ची. लोकांनी निवडलेलं सरकार मार्च १९५२ मध्ये आलं. फार लांबवणंही बरं नाही: बोस्नियातल्या मोस्तार शहरात २००८ नंतर थेट २०२० पर्यंत नगरपालिकेचं मतदानच झालं नाही आणि शहर तुंबून राहिलं. गावाच्या हातात तारीख नसते, ती राज्य निवडणूक आयोग ठरवतो. हातात असते ती तयारी.

दंगलीनंतर ‘यंदा बिनविरोध करू, शांतता राहील’ असा आग्रह येतो. मोहात पडू नका. बिनविरोध म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या बाजूने ठरवलेली नावं, आणि कधीकधी सरळ लिलाव. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली निवडणूक लिलावाच्या कारणावरून आयोगाने रद्दच केली.

राखीव जागेचा पेच समजून घ्या. आपल्याकडे राखीव जागेवरही प्रभागातले सगळेच मतदार मत देतात. त्यामुळे उमेदवाराला दुसऱ्या समाजाकडे जावं लागतं, ही मोठी जमेची बाजू. तोटा असा की मोठ्या बाजूला आपल्या मर्जीतला, गप्प बसणारा राखीव उमेदवार निवडून आणता येतो. बोस्नियात अध्यक्षमंडळाच्या क्रोएट जागेवर झेल्को कोम्शिच निवडून आले तेव्हा क्रोएट पक्षांची तक्रार हीच होती, की त्यांना बोस्नियाकांच्या मतांनी बसवलं. यावर कायद्याचा इलाज गावाकडे नाही. पॅनलवाल्यांकडून मात्र एवढं मागता येतं: राखीव उमेदवाराचं नाव आधी त्या वस्तीच्या बैठकीत सांगायचं आणि प्रत्येक पॅनलने दोन्ही वस्त्यांतून उमेदवार द्यायचे.

शेवटी मतदार यादी. दंगलीनंतर तालुक्याच्या गावी राहायला गेलेल्या कुटुंबांची नावं ‘इथे राहत नाहीत’ म्हणून वगळायचे अर्ज, फॉर्म ७, याच काळात पडतात. बोस्नियात उलटं झालं: जिथे राहायचा इरादा आहे तिथे नाव नोंदवायची मुभा दिली, तिचा वापर हव्या त्या गावात मतदार भरायला झाला आणि स्थानिक निवडणुका १९९७ वर ढकलाव्या लागल्या. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की दोन्हीकडच्या एकेका माणसाने ती एकत्र बसून, घर-घर मोजत वाचावी. सरकलेलं नाव, दुसऱ्या प्रभागात गेलेली अख्खी गल्ली, वगळलेली कुटुंबं यांच्या हरकती मुदतीतच तहसीलला द्याव्यात आणि पोच घ्यावी. मतदान केंद्राची खोली कोणत्या वस्तीत आहे तेही तेव्हाच बघावं. कारखान्यावर गेलेल्यांना मतदानाच्या दिवशी आणायची गाडी कोणत्याही पॅनलची नको. मुकादमाशी आधीच बोलून लोकांनी आपापल्या खर्चाने यायचं ठरवावं, कारण गाडी ज्याची, मत त्याचं, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे.